दादाचं बाळसं

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आज दादाच्या मेंदूबद्दल चांगलं सविस्तर समजावून सांगितलं, आणि तो सगळा वेळ दादा त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला. "तुम्हाला काही विचारायचंय?" त्यांनी त्यालाच विचारलं. पेपरवेट. शेवटी मी म्हटलं, "त्याला काय विचारता, मला सांगा." आई गेल्यापासून हेच चाललंय. ह्याला भूक लागली हे मी सांगायचं, थंडी वाजते हे मी सांगायचं, आणि मी बोट ठेवीन तिथे ह्यानं सही करायची.

कानात बोलणारी माणसं जुन्या गोळ्यांनी केव्हाच गेली. जाताना दादालाही बरोबर घेऊन गेली. ऊठ म्हटलं की उठतो, बस म्हटलं की बसतो, काहीच म्हटलं नाही तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हा! वरच्या मजल्यावरून जिन्यात वाकून ओरडायचा, "ठमे, डबा विसरलो गं!" आणि अख्खी बिल्डिंग हसायची. मी चिडायचे. आता कुणी ठमी म्हणत नाही.

नव्या औषधाचं नाव सेरीन. हे सेरीन दोन तऱ्हांचं असतं, डावं आणि उजवं. वस्तू तीच, फक्त आरशात बघितल्यासारखी उलट. अंगात सगळीकडे डावं, आणि मेंदूत डाव्याचंच थोडं उजवं करून ठेवलेलं असतं. बाई कागदावर चित्र काढायला लागल्या. म्हटलं, राहू द्या, हातमोज्यांच्या कारखान्यात दिवसभर जोड्या लावते मी, डावं-उजवं मला झोपेतही कळतं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, मेंदूतल्या पेशींवर एक दार असतं. ते एकट्यानं ढकलून उघडत नाही, दोघं लागतात. त्यातला दुसरा हे उजवं सेरीन. दादाच्या आजारात काहींना ते कमी पडतं, म्हणून त्याची पूड बाहेरून द्यायची. जुन्या गोळ्या आहेत तशाच चालू. औषध अजून तपासणीत आहे, दादासारख्या काही जणांना देऊन बघतायत, खात्री कुणी देणार नाही.

आणि किडनीवर लक्ष ठेवायचं. दर आठवड्याला लघवीची बाटली, महिन्याला रक्त. उंदरांच्या किडन्या ह्या पुडीनं बिघडल्या होत्या म्हणे. माणसांत तसं फारसं दिसलेलं नाही, पण मात्रा जास्त झाली तर सांगता येत नाही.

मी म्हटलं, "दादा काही उंदीर नाही." सही झाली.

९ फेब्रुवारी

पुड्या सुरू. मी बोटावर घेऊन चाखली. गोडसर लागते. दुधात दिली, प्यायला. ग्लास हातात तसाच धरून बसला. मी काढून घेईपर्यंत धरून होता.

२१ फेब्रुवारी

काही नाही. दोन आठवडे होत आले आणि ढिम्म काही नाही. मला माझाच राग येतो. एवढी आशा लावायची गरज काय होती?

कारखान्यात चामड्याचा नवा गठ्ठा आलाय, दगडासारखा कडक. जोडी लावून मनगटाशी टाका घालताना सुई बोटात घुसली. शेजारच्या टेबलावरची रेडिओ (दिवसभर चालूच असते, बाईचं खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल) म्हणाली, "किती वाळलीस गं! माझ्या अंगावरची थोडी चरबी घे." म्हटलं, घरी ये आणि आठवडाभर दादाचं कर, तुझीही झडेल. मुकादमानं आमच्याकडे बघून घसा खाकरला.

४ मार्च

तो बोलला.

सकाळी दुधाचा ग्लास पुढे केला. त्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "साय आहे."

लहानपणापासून सायीची शिसारी त्याला. एवढी वर्षं मी साय घातलेलं दूध देतेय आणि हा गिळतोय, आणि मला मेलीला कधी आठवलं नाही. चमच्यानं साय काढली. निम्मं दूध सांडलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. कामावर उशिरा गेले, मुकादम बोलला, बोलू दे.

१८ मार्च

रक्ताचा रिपोर्ट चांगला. दादा आता स्वतः दार उघडून पेपर आत घेतो. मथळे वाचतो. काल मी घसरता घसरता वाचले तर हसला! खी करून! असा राग आला आणि असं बरं वाटलं.

पण तेवढंच. संध्याकाळ झाली की परत भिंत. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, थोडी वाढवा ना पूड. त्यांनी साफ नाही सांगितलं. "ताई, जास्त म्हणजे जास्त चांगलं असं मेंदूत नसतं. ते दार सारखं उघडं राहिलं तरी पेशी दमून मरतात. हातापायांचं बळ हळूहळू जाणारा एक आजार आहे, त्यात हेच उजवं सेरीन वाढलेलं सापडतं. आपल्याला बेतानंच जायचंय."

बेतानं! त्यांच्या घरी नाही ना कुणी भिंतीकडे तोंड करून. माझा भाऊ अर्धा दारातून बाहेर आलाय आणि ह्या म्हणतात दार धरून ठेवा.

२५ मार्च

केलं. बरं की वाईट, केलं खरं.

केमिकल विकणाऱ्याला फोन लावला. "उजवंच पाहिजे हां, डावं गळ्यात मारू नका," मी बजावलं. तो म्हणाला, "बाई, प्रयोगशाळेसाठीच ना? खायचं नाही हे." मी म्हटलं, "खायला काय झालंय?" आज बरणी आली. पूड तशीच दिसते, तशीच गोडसर. दवाखान्याची एक पुडी आणि बरणीतली तेवढीच. मनात म्हटलं, चूक झाली तर माझ्या माथी. मग लक्षात आलं, माथी माझ्या असली तरी पोटात त्याच्या जाणार आहे. तरी दिली.

६ एप्रिल

काय सांगू! दुप्पट केल्यापासून माणूस बदलला. परवा लिफ्टमधून उतरताना कान देऊन उभा राहिला. वॉचमनला म्हणाला, "दोर घासतोय. वरची पुली बघायला सांगा." वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस, ते सांगतायत ना!" आज मेकॅनिक येऊन गेला, खरंच पुली झिजली होती.

आणि अंग धरलंय त्यानं. गाल भरलेत. घोट्यांवर मोज्यांचे वळ उठतात, चप्पल घट्ट होते. झोपही अशी लागते की सकाळी डोळे सुजलेले. एवढ्या वर्षांत कधी नव्हे ते बाळसं धरलंय माझ्या दादानं. रेडिओला सांगितलं तर म्हणाली, "बघ, तुझं मांस त्याला गेलं." खरं असेल तर जाऊ दे की.

मला मात्र उकाडा सोसेना झालाय. पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या संपतात. रात्री सारखं उठावं लागतं. एका परीनं बरंच आहे, उठलं की त्याच्या खोलीत डोकावता येतं. सुईचं बोट अजून चिघळतंय. चामड्याला काय काय लावतात देव जाणे.

१२ एप्रिल

"ठमे."

स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. म्हणाला, "ठमे, तू दमलीस." मी वळलेच नाही. वळले तर हे नाहीसं होईल असं वाटलं. "नाही रे," एवढंच म्हटलं.

बास. आता मी मेले तरी चालेल.

१७ एप्रिल

सकाळी त्याच्या लघवीची बाटली भरून घेतली. वर फेस. साबण कालवल्यासारखा, आणि तो बसेचना. मी बाटली खिडकीत ठेवली, दूध उतरवलं, परत येऊन बघितलं. फेस आहेच.

मला कळत नाही असं नाही. उंदरांचं त्यांनी सांगितलं होतं. पण नेमका आत्ता? आत्ता तो मला नावानं हाक मारतोय. ही बाटली दिली की पूड बंद, पूड बंद की ठमी बंद. डॉक्टरीणबाई वहीत एक रेघ मारतील आणि दुसऱ्या पेशंटकडे वळतील. मी कुठे वळू?

फेस उष्णतेनंही येतो. रेडिओच्या सासऱ्यांना यायचा.

बाटली ओतून दिली. धुतली. माझी भरून दिली. मी धडधाकट बाई, मला काय झालंय? नर्सनं नाव चिकटवलं आणि म्हणाली, "अगदी वेळेवर आलात." मी मान खाली घालून बाहेर पडले. दवाखान्याच्या नळावर घटाघटा पाणी प्यायले. घसा नुसता कोरडा पडला होता भीतीनं.

२४ एप्रिल

परत माझीच दिली. ह्या महिन्याचं रक्त द्यायचं होतं, ते त्याला ताप आहे सांगून पुढे ढकललं. बरणीतली पूड थोडी कमी केली, मनाला तेवढंच. उद्यापासून आणखी कमी करीन. त्याचं काही बिघडलेलं दिसत नाही. जरा दमतो, जेवण कमी झालंय, पण बोलतो.

बाटली भरून बाहेर आले तर तो दारातच उभा. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पूर्वी तो कशाकडेच बघत नसे तेव्हा एका अर्थी सोपं होतं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण खरं आहे ते.

२ मे

दवाखान्यातून फोन. मागचे रिपोर्ट लॅबमध्ये अडकले होते म्हणे, ते आज आले. लघवीत साखर सापडली, तीही खूप.

साखर? मी म्हटलं, कसं शक्य आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनीच्या नळ्यांना इजा झाली की साखर गळू शकते. आजच पूड बंद करा. उद्या त्यांना घेऊन या."

फोन ठेवला. लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असणार. माझ्या लघवीत साखर कुठून येईल? मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेते! पण हे सांगू कुणाला? ती बाटली माझी होती म्हणावं तर त्याची मागतील, आणि त्याच्यात फेस. गप्प बसावं तर पूड बंद झालीच. कुठूनही धरलं तरी दादा हातचा जातोय. फसवलं मी, आणि फसवूनही हाती काही नाही. दुपारपासून नुसत्या येरझारा घालतेय. एकदा वाटलं बॅगा भरून ह्याला घेऊन कुठेतरी निघून जावं, बरणी घेऊन. बॅग काढलीही. मग तिच्यावरच बसून राहिले.

दादा आत पेपर वाचतोय. मोठ्यानं वाचतोय, मला ऐकू यावं म्हणून. बंद कर रे बाबा, बंद कर.

३ मे

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे ठेवला. मी तयारी करून गेले होते: लॅबची चूक, परत तपासा, दोन दिवस द्या. तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "ती बाटली हिची आहे."

"काय?" बाई म्हणाल्या.

"ही स्वतःची भरते. माझी ओतून टाकते." अगदी शांतपणे, लिफ्टचा बिघाड सांगावा तसा. "आणि दिवसरात्र पाणी पिते. वाळलीय किती बघा. आधी हिला तपासा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओरडले त्याच्यावर. "तुला कुणी सांगितलं बोलायला?" त्या खोलीत, सगळ्यांदेखत, ज्याचा एक शब्द कानावर पडावा म्हणून मी एवढे दिवस जीव टाकला त्यालाच मी हे म्हणाले. तो नुसता बघत राहिला. त्याला वाईट वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग दोघांचं रक्त घेतलं. बोटाला सुई टोचल्यावर नर्सनं माझा आकडा दोनदा बघितला. मधुमेह आहे मला, आणि आजचा नाही. दादाच्या लघवीत साखरेबरोबर प्रथिनंही, आणि रक्तातली घाण वाढलेली. नर्सनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

"किती दिवस आहे ही सूज?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "सूज नाही ती. अंग धरलंय त्यानं."

डॉक्टरीणबाईंनी फक्त विचारलं, "ताई, पूड किती देत होतात?" मी बरणीचं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. मग दादाला आत भरती केलं.

९ मे

वॉर्डात सहा खाटा, दादाची खिडकीजवळची. तो अजून तोच आहे, म्हणजे दादा. बाजूच्या म्हाताऱ्याची चेष्टा करतो. बाई म्हणाल्या, वेळेवर थांबलं, किडनी बरीचशी सावरेल. "तुमची साखर लागली म्हणून लक्ष तरी गेलं. आणखी महिना असंच चाललं असतं तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

मी विचारलं, "आणि हा? हा राहील का असा?"

"पुडीचा परिणाम हळूहळू ओसरेल," त्या म्हणाल्या. "किती ओसरेल ते माहीत नाही." तपासणीतून त्याचं नाव कमी झालंय, ते माझ्यामुळे. दुसरं काही आहे का म्हणून मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. हात धरला त्यांचा. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण काही कबूलही केलं नाही.

मला गोळ्या लावल्यात. घेते. कारखान्यातून सुट्टी.

२० मे

घरी. पायांची सूज उतरली. बाळसं उतरलं म्हणून मला रडू येतं, कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

आणि तो चाललाय. कळतंय मला. काल पेपर आत घेतला, पण उघडला नाही. विचारलेल्याचं उत्तर येतं, पण इतक्या उशिरा की मी तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असते. जिन्यावरून कुणी उतरत जावं तसा त्याचा आवाज रोज एक पायरी खाली. लोक म्हणतात, धीर धरा. कशाला धरू? धरायला हातात आहे काय? एकदा पूर्ण गेलेला माणूस सोसता येतो. परत येऊन, नावानं हाक मारून, माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा जाणारा कसा सोसायचा?

बरणी कपाटावर आहे. मी फेकली नाही.

२३ मे

चिमूटभर. चिमूटभरानं काय होणार होतं? आज दुधात घातली, साय काढली, ग्लास पुढे केला.

तो ग्लासात बघत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्यात आहे?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बोलता आलं नाही. "हो," म्हटलं. आणि मग बांध फुटला. "तू जाशील रे परत. भिंतीकडे तोंड करून पडशील. मी एकटी काय करू? किडनीचं नंतर बघू, मशीनं असतात, माझी देईन, अर्धवट का होईना पण राहा ना!"

तो शब्द जुळवत होता. ते कष्ट मला दिसत होते. म्हणाला, "मला विचारलंस?"

"काय?"

"कधीच विचारलं नाहीस. सहीला. दुप्पट केलीस तेव्हा. घ्यायचं का... असं."

मी डोळे पुसले. समोर बसले. म्हटलं, "घेतोस का, दादा?"

त्यानं घाई केली नाही. मलाच वाटायला लागलं की तो विसरला. मग ग्लास माझ्याकडे सरकवला. "नको."

मी मोरीत ओतलं. बरणीही त्याच्यासमोर ओतली, पाणी सोडलं. तो उठून माझ्याजवळ आला, नळ बंद केला आणि म्हणाला, "पुढे मी गप्प झालो, तरी विचार. उत्तर यायला वेळ लागेल."

"आणि आलंच नाही तर?"

"थांब जरा. तू फार घाई करतेस, ठमे."

८ जून

चार दिवसांत शब्द नाही. भिंत.

कामावर रुजू झाले. रेडिओनं माझ्या टेबलावरचा निम्मा ढीग स्वतःकडे ओढला आणि कधी नव्हे ते तोंडातून चकार शब्द काढला नाही. बोट बरं होतंय.

घरी आले की त्याला विचारते: दिवा लावू? खिडकी उघडू? पूर्वी विचारून उत्तराआधीच उघडायचे. आता थांबते. अंधारात बसून राहते. आज थांबून थांबून जीव मेटाकुटीला आला आणि मी त्याच्या पाठीवर दोन्ही मुठी आपटल्या. हळूच, पण आपटल्या. तो हललाही नाही.

१९ जून

डॉक्टरीणबाईंचा फोन. दुसऱ्या एका औषधाची तपासणी सुरू होतेय. बाहेरून पूड द्यायची नाही. अंगात उजवं सेरीन मोडून टाकणारं जे काही असतं, त्यालाच अडवायचं, म्हणजे स्वतःचं आहे तेच जास्त टिकतं. दादाची किडनी आता बरी आहे, सगळ्यांशी बोलून त्यांनी त्याच्यासाठी एक जागा मागून घेतलीय. "पण ह्या वेळी सगळं माझ्या नजरेखाली, ताई. परवापर्यंत सही हवी. घेऊन येता ना?"

माझं हो ओठांवर आलं होतं. सही कशी घ्यायची मला माहीत आहे. बोट ठेवलं की झालं.

"विचारून सांगते," म्हटलं.

आत गेले. त्याच्या पाठीशी बसले, सगळं सांगितलं, न लपवता, किडनीचंही. "घेऊया का, दादा?" काही नाही. चहा केला, तो गार झाला. परत विचारलं. त्याचा श्वास ऐकत बसले. एकदा वाटलं खांदा हलला, पण मला हवं म्हणून वाटलं असेल.

२१ जून

संध्याकाळी परत फोन. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आज शेवटचा दिवस आहे. काय ठरलं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. समोर त्याची पाठ. काल दिवसभर विचारलं, आज सकाळपासून विचारतेय. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: हो म्हण, हो म्हण बये, कुणाला कळणार आहे.

"जागा आणखी थोडे दिवस धरून ठेवता येईल का?" मी विचारलं. "दादाचं उत्तर यायचंय अजून."